दोन ग्लास शेजारी ठेवा : वाचकांचे वाइनचे प्रश्न

गेल्या अंकात म्हटलं होतं की वाइनच्या चवीबद्दल काहीही विचारा, बावळट वाटलं तरी विचारा, आणि लोकांनी खरोखर विचारलं. बरेच प्रश्न फिरून एकाच जागी येतात, लेबलवर लिहिलेलं सगळं मला का लागत नाही, माझ्या जिभेत काही कमी आहे का. म्हणून आधीच सांगून टाकते की माझं उत्तरही बऱ्याच ठिकाणी फिरून एकाच जागी येणार आहे. एकच वाइन समोर असली की तिच्याबद्दल बोलायला काही सुचत नाही, भल्याभल्यांना सुचत नाही. दोन शेजारी ठेवल्या की आपोआप तोंड उघडतं, ही जास्त आंबट, ती जास्त वासाची वगैरे. तेवढं जमलं की बाकीचं सावकाश येतं.

ताई, आम्ही चौघं दिवाळीनंतर नाशिकला वाइन टेस्टिंग करून आलो. तिथला मुलगा प्रत्येक ग्लासला पेरू, अननस, गवत, ढोबळी मिरची असं काय काय सांगत होता. आम्हाला वाइनचाच वास आला. मिस्टर म्हणतात सगळा भंपकपणा आहे. वाइनमध्ये खरंच पेरू घालतात का? (ठाणे)

नाही हो, पेरू कोण घालतंय. तुम्हाला जी दिली ती फक्त द्राक्षाची. पण मिस्टरांना सांगा की भंपकपणाही नाही, निदान सगळा नाही. ढोबळी मिरचीचंच घ्या, ती चिरताना जो हिरवा वास नाकात जातो तो पायरॅझिन नावाच्या द्रव्यांचा असतो आणि सोव्हिन्यों ब्लां आणि कॅबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षांत तीच द्रव्यं असतात, तशीच कुठलीतरी नाही, तीच. आणि नाकाला ती इतकी जोरात लागतात की एका लिटरमध्ये ग्रॅमचे काही अब्जांश भाग असले तरी पुरतात. द्राक्ष पिकत गेलं, घडाला ऊन लागलं की ती कमी होतात, म्हणून लवकर तोडलेल्या द्राक्षाच्या वाइनला हिरवा वास जास्त. शिराझ या काळ्या द्राक्षाच्या वाइनचंही तसंच, तिच्यात काळ्या मिऱ्याचा वास येतो तो मिऱ्यातल्याच रोटंडोन नावाच्या द्रव्याचा, ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली तो शोधून काढला. गंमत म्हणजे पाचातल्या साधारण एका माणसाला रोटंडोनचा वासच येत नाही, त्याच्यासमोर मिऱ्याची कितीही वर्णनं करा, तो बापडा खरंच सांगत असतो की मला काही येत नाही.

मग तुम्हाला का आला नाही? मी तिथे नव्हते, पण अंदाज करू शकते. रस्त्यात मिसळ खाऊन गेला असाल, चौघांनी मिळून सेंट लावलेलं असणार, व्हाइट वाइन बर्फासारखी गार दिली असेल (गार वाइनला वास कमी येतो) आणि पाच-सहा वाइन वीस मिनिटांत उरकल्या असतील. असं माझंही नाक चालत नाही.

घरी असं करा. एकाच वायनरीची एक शेनिन ब्लां आणि एक सोव्हिन्यों ब्लां आणा, दोन सारखे ग्लास घ्या, पाव भागच भरा, म्हणजे गोल फिरवायला जागा राहते. चव घेऊ नका, आधी नुसता वास, याचा, मग त्याचा, मग परत याचा. पहिला हुंगा सगळ्यात महत्त्वाचा कारण नाक लगेच सरावतं, तिसऱ्या-चौथ्या वेळी काही येईनासं झालं की स्वतःच्या मनगटाचा वास घ्या आणि परत या. शेनिनचा वास पिकल्या पेरूकडे, अननसाकडे झुकेल आणि सोव्हिन्योंचा हिरव्याकडे, कापलेलं गवत, मिरची, लिंबाची साल. नावं नाही सुचली तरी चालेल, दोन्ही वेगळ्या आहेत एवढं कळलं तरी त्या मुलाचं निम्मं बोलणं खरं होतं.

मग घोट घ्या आणि ओठ जरा उघडे ठेवून हवा आत ओढा, बशीतला चहा फुरकतो ना तसं. मिस्टरांसाठी एक प्रयोग, नाक चिमटीत धरून घोट घ्यायला सांगा. आंबट लागेल, थोडं गोड लागेल, संपलं. आता नाक सोडायला सांगा. ते जे एकदम येईल ते सगळं घशामागून नाकात गेलेलं असतं, आपण ज्याला चव म्हणतो त्यातला बराचसा हिस्सा वासाचाच आहे. सर्दीत वरणभात पुठ्ठ्यासारखा लागतो तो त्यामुळेच.

तासगावला आमची थॉमसन आणि सोनाकाची बाग आहे. मागच्या वर्षी भावाच्या ओळखीने वाइनच्या द्राक्षाच्या बागेत गेलो. मणी खाल्ला तर बारका, साल जाड, आत बिया. असल्या द्राक्षातनं चव येते कुठनं? आणि आमच्या गोड मालाची वाइन का करत नाहीत? (तासगाव)

दादा, तुम्ही ज्या तीन गोष्टींना नावं ठेवलीत ना, बारका मणी, जाड साल आणि बिया, सगळा माल तिथेच आहे. खायच्या द्राक्षाला तुम्ही विरळणी करता, जीएचे (मणी फुगवणाऱ्या संजीवकाचे) डीप देता, मणी लांब आणि फुगीर करता, साल पातळ आणि गर कुरकुरीत हवा असतो कारण गिऱ्हाईक तेच मागतं. वाइनवाल्याला नेमकं उलटं हवं. रंग, तुरटपणा आणि वासाची बरीचशी द्रव्यं सालीत असतात, मणी जेवढा लहान तेवढी गराच्या मानाने साल जास्त. शिराझचा काळा मणी बोटांत दाबून बघा, रस जवळजवळ पांढराच निघतो, रेड वाइन लाल होते ती तो रस सालींसकट आंबवतात म्हणून. शॅम्पेनमध्ये तर पिनो न्वार हे काळं द्राक्ष वापरून पांढरी वाइन करतात, हलकेच दाबून रस काढायचा आणि साली बाजूला, बस.

गोडीचं म्हणाल तर तुमच्या खिशात रसातली साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर असणारच. तुम्ही १८ च्या आसपास ब्रिक्स (म्हणजे ढोबळमानाने रसातल्या साखरेची टक्केवारी) आली की तोडायला लागता, वाइनचं द्राक्ष २२ ते २४ पर्यंत नेतात, म्हणजे ते तुमच्यापेक्षा गोड असतं, फक्त आंबटपणाही बरोबरीने असतो आणि साल-बी तोंडात येते म्हणून खाताना तसं वाटत नाही. एका ब्रिक्समागे अर्ध्या टक्क्याच्या थोडं वर अल्कोहोल धरा, २३ ब्रिक्सची सगळी साखर आंबली की वाइन १३ टक्क्यांच्या आसपास येते. थॉमसनची वाइन होत नाही असं नाही, होते, पण पाणचट, प्यायल्यावर आठवण राहावी असं तिच्यात फारसं काही नसतं.

आता आपल्याकडची खरी अडचण आंबटपणाची आहे आणि ती तुम्हाला कुठल्याही पुस्तकापेक्षा लवकर समजेल. युरोपात द्राक्ष ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये तोडतात, म्हणजे पिकताना हवा थंड होत जाते. आपण एप्रिलला खरड छाटणी घेतो, सप्टेंबर-ऑक्टोबरला फळछाटणी, आणि माल जानेवारी ते मार्चमध्ये येतो, म्हणजे पिकताना हवा तापत जाते. साखर भराभर चढते आणि मॅलिक आम्ल, हिरव्या सफरचंदात असतं ते, उन्हाने जळून जातं. चार दिवस उशीर झाला की वाइन मिळमिळीत. म्हणून नाशिककडे जानेवारीतल्या थंड रात्रींना एवढा भाव आहे आणि म्हणून तोडणी पहाटे उरकतात.

पुढच्या वेळी वाइनच्या बागेत गेलात की तिथला वाइनमेकर मणी कसा खातो ते बघा. रस गिळतो, मग साल बराच वेळ चावत राहतो, तुरटपणा दाढेला टोचतोय का मऊ आहे ते बघतो, मग बी थुंकून हातावर घेतो. हिरवट आणि चिकट बी म्हणजे अजून थांबा, तपकिरी आणि दाताखाली कडकन फुटणारी म्हणजे चला. फेब्रुवारीत तुमचा थॉमसनचा मणी आणि त्यांचा कॅबर्नेचा मणी एकामागून एक असे सावकाश चावा, मी इथे जे पानभर लिहिलंय ते एका मिनिटात कळेल.

नाव छापू नका. मित्रांनी रेड वाइन पाजली, तोंड कोरडं ठाक पडलं. म्हणाले ड्राय आहे ना म्हणून. तांबड्या रश्शाबरोबर घेतली तर तोंडात जाळच झाला. मटणाबरोबर नक्की काय घ्यायचं? (कोल्हापूर)

नाव नाही छापलं, पण कोल्हापूर छापल्यावर रश्शावरून ओळखतीलच.

मित्रांनी दोन गोष्टींची गल्लत केली. ड्राय म्हणजे साखर उरलेली नाही, यीस्टने सगळी खाल्ली. तोंड कोरडं पडतं ते टॅनिनने, सालीतून, बियांतून आणि लाकडी पिंपातून येणारं तुरट द्रव्य, ते लाळेतली प्रथिनं पकडून बसतं आणि जिभेचा बुळबुळीतपणा जातो. जांभूळ, सुपारी, कच्चं केळं, सगळीकडे हाच उद्योग. व्हाइट वाइन पूर्ण ड्राय असूनही तोंड कोरडं करत नाही, कारण ती सालींशिवाय आंबवलेली असते. खात्री करायची तर बिनदुधाचा चहा करा दोन कप, एकात पत्ती तीन मिनिटं ठेवा, दुसऱ्यात दहा. दुसरा दातांना धरेल. आता त्याच दुसऱ्यात साखर घाला, गोड होईल आणि तरी तुरट राहील. गोडी वेगळी, तुरटपणा वेगळा. आणि अजून एक घोळ, वाइनला पिकल्या फळाचा वास आला की डोकं परस्पर तिला गोड ठरवून टाकतं, जिभेवर साखर औषधालाही नसते.

मटणाचं असं की सुकं मटण, फार तिखट नसलेलं, रेडबरोबर छान जातं, टॅनिनला लाळेऐवजी मटणातली प्रथिनं आणि चरबी मिळते, वाइन एकदम मऊ लागते. वाइन नुसती एक घोट आणि मग मटणाच्या तुकड्यानंतर एक घोट, एवढंच करून बघा. तांबडा रस्सा मात्र वेगळं प्रकरण. मिरची तोंडातल्या ज्या उष्णतेच्या संवेदनेला चेतवते तिलाच अल्कोहोलही चेतवतं, त्यामुळे १४ टक्क्यांची कॅबर्ने आणि लवंगी मिरची एकत्र म्हणजे आगीत तेल. घ्यायचीच तर गार, किंचित गोडसर शेनिन घ्या किंवा रोझे, म्हणजे गुलाबी वाइन. पांढऱ्या रश्शाबरोबर पिंपात मुरवलेली शार्दने बघा, त्यातल्या नारळाच्या दुधाला ती बरी धरते. तांबड्याबरोबर माझं स्वतःचं मत विचाराल तर वाइन बाजूला ठेवा, जेवून घ्या.

बाटलीवर लिहिलंय रूम टेंपरेचरला सर्व्ह करा. आमच्याकडे मे महिन्यात रूम टेंपरेचर ३८ असतं. (नागपूर)

तो सल्ला युरोपातल्या जुन्या गार घरांचा, नागपूरचा नाही. रेड १६ ते १८ अंशांना चांगली, म्हणजे तुम्ही बाटली दीड-दोन तास सरळ फ्रिजमध्ये ठेवा, कोण काय म्हणेल बघू नका. गरम रेडमध्ये अल्कोहोल नाकाला झोंबतं आणि बाकी काही येत नाही. व्हाइट ८ ते १२, ती उलट प्यायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी फ्रिजबाहेर काढा. एकाच बाटलीतली रेड एका ग्लासात गार आणि एका ग्लासात तशीच, पाहुण्यांना न सांगता द्या, दोन वेगळ्या वाइन आहेत म्हणतील.

मी वाचलंय की फ्रान्समध्ये व्हाइट वाइनमध्ये लाल रंग घालून एक्स्पर्ट लोकांना दिली आणि त्यांनी ती रेड म्हणून वर्णन केली. मग हे सगळे टेस्टिंग नोट्स फ्रॉडच ना? उगाच आपण पैसे का घालवायचे? (पुणे)

पुण्याहून हा प्रश्न येणार हे माहीत होतं, आणि आलेला बरं झालं. प्रयोग खरा आहे. बोर्दोमधला, मोरो, ब्रोशे आणि दुबोर्दियू या तिघांचा, २००१ साली प्रसिद्ध झाला. ५४ जण होते, पण तुम्ही ऐकलंत तसे मुरलेले एक्स्पर्ट नव्हे, वाइनशास्त्राचे विद्यार्थी. आधी त्यांना एक व्हाइट आणि एक रेड दिली, वर्णनाला स्वतःचे शब्द निवडा म्हटलं. नंतर परत दोन ग्लास, दोन्हींत तीच व्हाइट, फक्त एकीत बिनवासाचा लाल रंग. लाल दिसणाऱ्या ग्लासाला पोरांनी रेडचे शब्द लावले.

यातून काय निघतं? डोळे नाकाला खेचून नेतात हे निघतं, आणि ते सगळ्यांचंच होतं. विद्यार्थ्यांना कुणी सांगितलं नव्हतं की फसवणूक आहे, लाल दिसलं म्हणून त्यांनी लाल फळांचे वास शोधले आणि शोधलं की थोडंफार सापडतं. यातून वाइनमध्ये वास नसतात असं निघत नाही. मिऱ्यातलं रोटंडोन मोजता येतं, पायरॅझिन मोजता येतं, कुणाला फसवा की न फसवा ते बाटलीत आहेच.

म्हणून तर बाटली झाकून चाखायची पद्धत आहे. २४ मे १९७६ ला पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाइन-व्यापाऱ्याने फ्रेंच परीक्षकांसमोर बाटल्या झाकून फ्रान्सच्या आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन ठेवल्या. रेडमध्ये स्टॅग्ज लीपची १९७३ ची कॅबर्ने पहिली आली, व्हाइटमध्ये शातो माँटेलेनाची १९७३ ची शार्दने, दोन्ही कॅलिफोर्नियाच्या. एक परीक्षक महाशय कॅलिफोर्नियाची व्हाइट चाखून 'आलो बाबा फ्रान्सला परत' अशा थाटात बोलले आणि टाइम मासिकाचा बातमीदार तिथे बसून सगळं टिपून घेत होता, दुसरा एकही पत्रकार फिरकला नव्हता. आता यात नाक चुकलं का? त्यांना वाइन आवडली हे बरोबरच होतं, ती कुठली आहे हा अंदाज फसला.

पैशाचं म्हणाल तर घरी तेच करा. एक ७०० ची, एक १५०० ची, बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळा, बायकोला किंवा मित्राला ओतायला सांगा, तुम्ही बघू नका. स्वस्तातली आवडली तर आयुष्यभर तीच घ्या, मी काही म्हणणार नाही. रंग दिसायला नको असेल तर स्टीलच्या पेल्यात ओता. लोक हसतात, पण रेड की व्हाइट असा नुसता वासावरून अंदाज करायला लागलात तर स्टीलच्या पेल्याने अर्ध्या तासात जेवढं शिकवलं जातं तेवढं महागड्या काचेने होत नाही.

मी साताऱ्याची, सध्या रेडिंगला असते आणि डब्ल्यूएसईटी या वाइनचं शिक्षण देणाऱ्या संस्थेची लेव्हल टू परीक्षा करतेय. यादीत ब्लॅककरंट, गूजबेरी, क्विन्स अशी फळं असतात, मी लहानपणी ही खाल्लीच नाहीत, मला ते वास कसे आठवणार? क्लासमध्ये बाकीचे पटापट बोलतात. (रेडिंग, इंग्लंड)

अगं पण तू तिथेच राहतेस ना, मग तुझं काम आमच्यापेक्षा सोपं आहे. सुपरमार्केटात जा, फ्रोझन ब्लॅककरंट आण, रायबीना या ब्लॅककरंटच्या सरबताची बाटली आण, एका वाटीत ते आणि शेजारी कॅबर्नेचा ग्लास. इकडून तिकडे चार वेळा नाक ने. गूजबेरी उन्हाळ्यात बाजारात येतात, त्या न्यूझीलंडच्या मार्लबरोच्या सोव्हिन्यों ब्लांशेजारी ठेव. बाकीचे पटापट बोलतात कारण त्यांनी लहानपणी ब्रेडला ब्लॅककरंटचा जॅम लावून खाल्लाय, एवढाच फरक आहे, नाक तुझंही तेवढंच चालतं.

आणि पिंपाच्या वासांचं तर तुझ्या मसाल्याच्या डब्यात सगळं आहे. ओकच्या लाकडाचं पिंप आतून भाजतात, त्यातून युजेनॉल येतं, लवंगेचा वास त्याचाच असतो. व्हॅनिलिन येतं, ते व्हॅनिलाचं. अमेरिकन ओक असेल तर ओल्या खोबऱ्यासारखा वास येतो, त्याला जबाबदार लाकडातली लॅक्टोन. वास ओळखायच्या छोट्या कुप्यांचे महागडे संच मिळतात, ते घेऊ नकोस, लवंग कुटून वाटीत ठेव. शार्दनेला लोण्याचा वास आला तर तो पिंपाचा नव्हे, तो डायअ‍ॅसिटिलचा, मॅलिक आम्लाचं बॅक्टेरिया लॅक्टिक आम्ल करतात तेव्हा तयार होतो.

कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठातल्या अ‍ॅन नोबल यांनी १९८४ साली वाइनच्या वासांचं एक चक्र मांडलं, आत मोठे गट, बाहेर बारीक बारीक वास. त्यात 'सुंदर', 'एलिगंट' असले शब्द नाहीतच, नाकाने बोट दाखवता येईल तेवढंच. तू तुझं स्वतःचं चक्र वहीत काढ, त्यात पिकला पेरू, कैरी, फणस, केवडा, पावसाळ्यातली माती काय येईल ते घाल. परीक्षेत मात्र त्यांच्या यादीतलेच शब्द लिही, तपासणाऱ्याने फणसाला मार्क कुठून द्यायचे. मुंबईच्या सोनल हॉलंड २०१६ मध्ये भारतातल्या पहिल्या मास्टर ऑफ वाइन (या क्षेत्रातली फार अवघड पदवी) झाल्या, म्हणजे क्विन्स न खाता वाढलेल्या माणसांना हे जमतं.

जावई म्हणतात ग्लास फिरवल्यावर आत जे ओघळ उतरतात ते जेवढे जाड तेवढी वाइन भारी. खरं का? (नाशिकरोड)

नाही काका. काचेवर चढलेल्या पातळ थरातून अल्कोहोल आधी उडतं, उरलेल्या पाण्याचा पृष्ठताण वाढतो, ते वर खेचलं जातं आणि थेंब होऊन ओघळतं. जेम्स थॉमसन यांनी १८५५ मध्येच हे लिहून ठेवलंय. जाड ओघळ म्हणजे फार तर अल्कोहोल जास्त. जावयांना सांगू नका, बघायला छान दिसतं.

नवीन बाटली उघडली तर ओल्या पुठ्ठ्यासारखा वास, फळाचा वास अजिबात नाही. दुकानदार म्हणाला वाइन अशीच असते. खरंच अशी असते का? (डोंबिवली)

नसते. बाटलीला खरं बूच होतं का? असेल तर हा बहुतेक टीसीए, बुचातल्या बुरशीमुळे तयार होणारं द्रव्य. फार थोडं असलं तरी फळाचा वास मारून टाकतं आणि तळघराचा, ओल्या पुठ्ठ्याचा, न वाळलेल्या फडक्याचा वास ठेवतं. प्यायल्याने अपाय नाही, पण मजाही नाही, आणि कितीही वेळ उघडी ठेवली तरी जात नाही. चांगल्या हॉटेलात अशी बाटली बदलून देतात. फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत ही भानगड जवळजवळ नसते, त्यामुळे फिरकीचं झाकण म्हणजे हलकी वाइन हा समज काढून टाका.

उकडलेल्या अंड्याचा किंवा विझलेल्या काडीचा वास आला तर मात्र घाबरू नका, ते गंधकाचं असतं, ग्लास जोरात फिरवा, पाच मिनिटं थांबा, बऱ्याचदा जातो. नाही गेला तर स्वच्छ घासलेला तांब्याचा चमचा काही सेकंद आत फिरवून काढून घ्या, तांबं ते पकडतं. नेलपॉलिशचा किंवा व्हिनेगरचा वास असेल तर स्वयंपाकघरात द्या.

पण आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतो तो उकाड्याने मेलेला माल, निदान माझा अनुभव तसा आहे. शोकेसमध्ये, ट्यूबलाइटखाली, दुपारच्या उन्हात उभ्या बाटल्या. त्यांना शिजवलेल्या जॅमचा वास येतो, ताजेपणा नाही, कधी बूचही किंचित वर आलेलं असतं. दुकानात मागच्या फळीवरची बाटली मागा, व्हाइट आणि रोझेची सगळ्यात ताज्या सालातली घ्या. आणि शंका आली तर त्याच वाइनची दुसरी बाटली दुसऱ्या दुकानातून आणून शेजारी उघडा. खर्चिक आहे, कबूल, पण खराब वाइन एकदा चांगलीच्या शेजारी हुंगली की परत कुठलाही दुकानदार तुम्हाला गुंडाळू शकत नाही.

आमच्याकडे पोर्ट म्हणजे गोड लाल वाइन, पाहुणे आले की तीच. मुंबईचा मेव्हणा हसतो, म्हणतो ही पोर्टच नव्हे. मग खरी कशी लागते? (मडगाव)

मेव्हण्याचं बरोबर आहे, पण हसायचं काही नाही. मूळ पोर्ट पोर्तुगालच्या दोरू नदीच्या खोऱ्यातली, त्या भागाची हद्द १७५६ मध्येच सरकारने आखून दिली. वाइन अर्धवट आंबली असतानाच तिच्यात द्राक्षाचीच कडक दारू ओततात, यीस्ट मरतं, साखर तशीच राहते आणि अल्कोहोल १९-२० टक्क्यांवर जातं. गोव्यातल्या पोर्टमध्ये अल्कोहोल बरंच कमी असतं आणि द्राक्ष बाहेरून येतं, बरंचसं बेंगळुरू ब्लू. त्या द्राक्षाला तो द्राक्षाच्या गोळीसारखा ठळक वास असतो ना, तो युरोपातल्या वाइन-द्राक्षांना नसतो, ती जातच अमेरिकन वंशाची. म्हणून तुमच्या पोर्टचा वास ड्युटी फ्रीमधल्या रुबी पोर्टपेक्षा वेगळा. मेव्हण्याला पुढच्या वेळी रुबी घेऊन यायला सांगा, शेजारी तुमची ठेवा, आणि दोन्ही बेबिंकाबरोबर घ्या. तुमची गार करून, एक बर्फाचा खडा घालून प्यायली तरी कुणाचं काही जात नाही.

टेस्टिंगला थुंकायचं असतं म्हणे. मला भयंकर लाज वाटते, सगळ्यांसमोर कसं थुंकणार? (छत्रपती संभाजीनगर)

सगळेच थुंकत असतात, लाज फक्त पहिल्यांदा. घरी आंघोळीच्या वेळी पाण्याने सराव करा, ओठ गोल, एका दमात, बारीक धार. ज्यांना दिवसात चाळीस-पन्नास वाइन चाखाव्या लागतात ते एकही गिळत नाहीत आणि तरी तोंडातल्या तोंडात थोडं अल्कोहोल अंगात जातंच, म्हणून रिकाम्या पोटी जाऊ नका आणि मध्ये पाणी पीत राहा. सहाव्या ग्लासापर्यंत गिळत गेलात तर पहिल्या आणि सहाव्यात फरक काय ते तुम्हाला सांगता येणार नाही, मग गेलात कशाला. नाशिकच्या गंगापूर धरणाकडच्या वायनऱ्यांतून परतताना गाडी चालवणार असाल तर एकही घोट गिळू नका, त्याहून बरं म्हणजे ड्रायव्हर वेगळा न्या आणि त्याला द्राक्षाचा ज्यूस पाजा.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना वाइनचं नाव, साल, बाटली कुठे आणि किती दिवस ठेवली होती आणि बरोबर काय खाल्लं ते लिहा. 'परवा प्यायलेली ती लाल वाइन कशी आहे' असे प्रश्न बरेच आलेत, त्यांना उत्तर देता येत नाही.